नाममुद्रा आणि ‘ब्रँड’ : एका शब्दयोजनेचा विचार

मराठी वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर इंग्रजी ‘ब्रँड’ या शब्दासाठी ‘नाममुद्रा’ हा प्रतिशब्द योजिलेला आढळतो. साबण वा सिमेंट यांच्यापुरता त्याचा वापर मर्यादित राहिला तर कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु माणसाने स्वतःचाच ब्रँड घडवावा, या कल्पनेसही हा शब्द लावला तर मात्र थांबून विचार करणे प्राप्त होते. कारण हा शब्द आपण संतवाङ्मयाच्या अभ्यासातून उचलला आहे, आणि तेथे त्याचे कार्य निराळे होते.

‘ब्रँड’ या शब्दाचे मूळ जर्मानिक भाषांतील ‘जळणे’ या अर्थाच्या धातूत आहे. जळते लाकूड, मग तापल्या लोखंडाने गुरांच्या अंगावर उमटविलेली खूण, मग पिंपांवर व खोक्यांवर मारलेला छाप, असा त्याचा अर्थप्रवास झाला. आपल्याकडेही हा व्यवहार होताच. अलाउद्दीन खलजीने (कारकीर्द १२९६–१३१६) घोडदळाच्या हजेरीत होणारी घोड्यांची अदलाबदल थांबविण्यासाठी घोडे डागविण्याची पद्धत घातली. अकबराने ती पुन्हा चालविली. फारसी ‘दाग’ आणि संस्कृत ‘दह्’ यांचे मूळ एकच मानले जाते. मजेची गोष्ट अशी की, जळण्याच्याच कल्पनेतून निघालेला इंग्रजी शब्द बाजारात प्रतिष्ठेस चढला, तर मराठीतला ‘डाग’ चारित्र्यावर पडतो तो पडतोच. छाप पाडावयाची असेल तर मराठी माणूस टांकसाळीकडे वळतो व ‘ठसा उमटविला’ असे म्हणतो.

या साऱ्या व्यवहारांत तीन घटक वेगळे असतात : खूण करणारा धनी, खूण झालेली वस्तू आणि ती खूण. इंग्लंडमध्ये १८७५ च्या कायद्याने व्यापारचिन्हांची नोंदणी सुरू झाली आणि १ जानेवारी १८७६ रोजी बास या मद्योत्पादकांचा तांबडा त्रिकोण प्रथम नोंदला गेला, तेव्हाही हे घटक वेगळेच होते. फरक इतकाच की, खूण मालकी सांगण्याऐवजी उत्पादकाची हमी सांगू लागली. पुढे १९६९ मध्ये कोटलर आणि लेव्ही या अमेरिकन अभ्यासकांनी विपणनाची व्याप्ती वस्तूंपलीकडे संस्था व व्यक्ती यांच्यापर्यंत वाढविली. १९९७ मध्ये टॉम पीटर्स यांनी ‘फास्ट कंपनी’ या नियतकालिकातील लेखात प्रत्येक नोकरदारास ‘मी’ नावाच्या कंपनीचा प्रमुख ठरविले, आणि धनी व वस्तू एकच झाली. डागणारा आणि डागला जाणारा एकच, ही स्थिती त्या शब्दाच्या इतिहासात नवी होती. मोठ्या कंपन्यांतील कायम नोकरीचा भरवसा अमेरिकेत ओसरत चालला होता, त्या काळाचा हा लेख आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यातील उत्साहाचा सूर जरा वेगळा ऐकू येतो.

आता अभंगांतील मुद्रेकडे पाहू. तिच्या शेजारचा, पण प्रत्यक्ष शरीरावरचा व्यवहार म्हणजे माध्व संप्रदायातील तप्तमुद्रा. आषाढी एकादशीस शंखचक्रांच्या तापविलेल्या मुद्रा भक्ताच्या अंगावर उमटवितात. येथे खूण भक्ताची नसून देवाची असते. अभंगातही कवी आपले नाव घालतो खरा, पण बहुधा ते एकटे येत नाही. एकनाथ ‘एका जनार्दनी’ अशा मुद्रेत गुरूचे नाव जोडतात. जनाबाई स्वतःस नामयाची दासी म्हणविते. सोयराबाईच्या मुद्रेत ‘चोखियाची महारी’ एवढीच ओळख उरते. तुकोबांचे धाकटे बंधू कान्होबा तर ‘तुकयाबंधु’ या नात्यानेच स्वाक्षरी करतात. यांतील जनाबाई व सोयराबाई यांच्या मुद्रांत भक्ती किती आणि स्त्रीवर व जातीवर लादलेली ओळख किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. केवळ विनय म्हणून ती बाब सोडून देणे मला तरी योग्य वाटत नाही.

मुद्रेचे व्याकरणही पाहण्याजोगे आहे. ‘तुका म्हणे’ यातील ‘म्हणे’ हे जुन्या मराठीतील वर्तमानकाळाचे तृतीयपुरुषी रूप होय. कवी ‘मी म्हणतो’ असे न म्हणता स्वतःस तृतीय पुरुषात ठेवतो. पुढे हेच रूप रीतिभूतकाळात गेले, आणि बोलीत ते ऐकीव माहितीचे निदर्शक अव्यय बनले : ‘तो काल आला म्हणे.’ संतांच्या काळी हा अव्ययाचा अर्थ अभिप्रेत होता असे मला सुचवावयाचे नाही. परंतु तृतीयपुरुषी रचनेमुळे एक गोष्ट साधली. कीर्तनकाराने वा दिंडीतील वारकऱ्याने तो अभंग म्हटला, तरी वाक्य खोटे ठरत नाही. ‘तुका म्हणे’ हे तुकोबांच्या तोंडी जितके शोभते तितकेच इतरांच्याही. पीटर्स यांचा ‘मी’ असा दुसऱ्याच्या तोंडी देता येत नाही.

म्हणूनच मुद्रेवरून कर्तृत्व ठरविताना संशोधकांची वारंवार फसगत झाली. हिंदी संतकाव्यासंबंधी जॉन हॉली यांनी १९८८ मध्ये असे मांडले की, मुद्रा रचनाकाराहून अधिक त्या रचनेमागील अधिकार सांगते. मराठीत नामदेवाच्या गाथेचा अनुभव हाच आहे. ‘नामा’ व ‘विष्णुदास नामा’ या मुद्रांखाली वेगवेगळ्या शतकांतील कवी एकत्र आले आणि त्यांची विभागणी अजून वादग्रस्त आहे.

सालोमालो याने तुकोबांच्या अभंगांतील मुद्रा काढून तेथे स्वतःची घातली, असे वारकरी परंपरा सांगते, आणि त्याचा उल्लेख गाथेतही येतो. ही चोरी आजच्या व्यापारचिन्हाच्या कायद्यास सहज समजेल. पण परंपरेत याच्या उलट प्रकार अधिक घडला : स्वतः रचलेला अभंग तुकोबांच्या वा नामदेवांच्या नावावर ठेवून कवी निघून गेला. पाठचिकित्सेने असे काही अभंग वेगळे काढता येतात. ते रचणाऱ्यांची नावे मात्र क्वचितच हाती लागतात.