तबकडीवरील नावे आणि अनाम वादक

जॅझच्या तबकड्यांच्या संग्रहामागे एक विशिष्ट वाचनपद्धती आहे. शार्ल दलोने यांनी १९३६ साली पॅरिसमध्ये जॅझ-ध्वनिमुद्रणांची सूची प्रसिद्ध केली. तीत बँडप्रमुखाबरोबर साथीदार वादकांचीही नोंद होती. या परंपरेत वाढलेला संग्राहक प्रत्येक वादक नावाने ओळखू पाहतो.

मुंबईच्या संदर्भात ही दृष्टी विशेष महत्त्वाची ठरते. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पुढे टेडी वेदरफोर्ड आले. त्यांच्या सहवासात अनेक गोमंतकीय वादक घडले. त्यांपैकी ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ यांनी ‘चिक चॉकलेट’ या नावाने जॅझच्या तबकड्या काढल्या. तेच सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही आले. मात्र चित्रगीतांच्या तबकड्यांवर गायक व संगीतकार यांची नावे असत. साथीच्या वादकांची सहसा नसत. परिणामी, जॅझच्या तबकडीवर सनाम असलेला वादक चित्रगीताच्या तबकडीवर अनाम राहिला.

नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या इंग्रजी ग्रंथाने अशा वादकांची नावे इतिहासात पुन्हा आणली. तबकडीला संहिता मानले, तर तिचे लेबल हे मुखपृष्ठ होय. आणि मुखपृष्ठावर न आलेले कर्तृत्व कानानेच शोधावे लागते. चित्रसंगीताच्या इतिहासकाराने संग्राहकाकडून घ्यावयाचा धडा तो हाच.