छायाचित्र हें इतिहाससाधन : रत्नागिरीकडील ओस वास्तूंच्या निमित्तानें

जुना कागद हातीं आला कीं त्याची नक्कल करून ठेवण्याविषयीं आपण जितके तत्पर असतों, तितके पडत चाललेल्या वास्तूची नक्कल ठेवण्याविषयीं नसतों. ह्या दोषांत प्रस्तुत लेखकही वांटेकरी आहे. दप्तरें पाहण्याच्या निमित्तानें रत्नागिरी जिल्ह्यांत पुष्कळ हिंडणें झालें. एका वाड्याच्या ओटीवर बसून तेथील कागद मीं उतरून घेतले. पुढें एका पावसाळ्यांत त्या वाड्याचा दरवाजा कोसळला. कागदांच्या नकला संग्रहीं आहेत, परंतु चौकटीवरचें कोरीव काम नेमकें कसें होतें, तें आज मला सांगतां येत नाहीं. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं मीं कॅमेरा हातीं घेतला तो ह्या चुकीमुळें.

उतरत्या वयांत ही विद्या शिकणाऱ्यांत ठळक उदाहरण मेजर रॉबर्ट गिल (१८०४-१८७९) ह्यांचें आहे. मद्रास फौजेंतील ह्या अधिकाऱ्याची इ. स. १८४४ त अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमणूक झाली. कुंचल्याचें काम कांहीं वर्षें केल्यावर, १८५६ च्या सुमारास, पन्नाशी उलटल्यानंतर त्यांच्या हातीं कॅमेरा आला. त्या काळीं कांचेवर कलोडियनचा थर देऊन ती ओली असतांनाच चित्र घ्यावें लागे व लागलीच अंधारांत धुवावें लागे. म्हणजे सर्व रसायनें वास्तूच्या दारापर्यंत न्यावीं लागत. अशा रीतीनें घेतलेल्या त्यांच्या छायाचित्रांचीं दोन पुस्तकें जेम्स फर्ग्युसन ह्यांच्या मजकुरासह १८६४ सालीं लंडनांत प्रसिद्ध झालीं. त्यांत अजिंठा-वेरूळचीं लेणीं आहेत, तशींच लोणारचीं मंदिरेंही आहेत.

पुढें जें घडलें तें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. गिलसाहेबांच्या रंगीत नकला लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसांत मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागून त्यांपैकीं बहुतेक जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी ह्यांनीं १८७२ पासून नव्यानें नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ सालीं लंडनांतच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. छायाचित्रांच्या प्रती मात्र पुस्तकांच्या द्वारें अनेक ठिकाणीं पोंचल्या होत्या, म्हणून त्या उरल्या. अर्थात् छायाचित्र सर्व कांहीं सांगतें असें नव्हे. त्या काळच्या कांचेवर अजिंठ्याचे रंग उतरत नसत. म्हणूनच आगीनंतर गिलसाहेबांनीं, साठी उलटली असतांही, पुन्हा नकलांस हात घातला.

आतां आमच्या जिल्ह्याकडे वळूं. येथील बहुतेक जुनीं बांधकामें जांभ्या दगडाचीं. चुन्याचा गिलावा सुटला कीं सांध्यांत पाणी शिरतें, वड-पिंपळाचीं मुळें रुजतात आणि थोड्याच वर्षांत भिंत फुगते. म्हणून येथें छायाचित्र एकदां घेऊन भागत नाहीं. तीच वास्तु, त्याच जागेवरून, कांहीं वर्षांनीं पुन्हा टिपली पाहिजे.

दाभोळचें उदाहरण घ्या. १५०८ सालीं पोर्तुगीजांनीं जाळलेलें हें बंदर आदिलशाहींत पुन्हा भरभराटीस आलें व नंतर मागें पडलें. खाडीकांठची मशीद विजापूरच्या आयेशा बीबी नामक राजकन्येनें बांधविली अशी आख्यायिका आहे. छायाचित्रानें ती सिद्ध वा असिद्ध होत नाहीं. परंतु घुमट व मिनार ह्यांचीं चित्रें विजापूरच्या इमारतींच्या चित्रांशेजारीं ठेवलीं असतां शैलीचें नातें घरबसल्या तपासतां येतें. सुवर्णदुर्गाच्या दरवाज्याशीं पायरीवर कांसव व भिंतीवर मारुति कोरलेला आहे. भर दुपारीं असलें कोरीव काम सपाट दिसतें. ऊन तिरपें पडलें कीं रेषा वर येतात. झिजलेल्या शिलालेखासही हाच नियम.

रत्नागिरी शहरांतील थिबा राजवाड्याची गोष्ट निराळी. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ त पदच्युत होऊन पुढच्या वर्षीं येथें आला. त्याच्यासाठीं बांधलेला हा वाडा १९१० सालीं तयार झाला. १९१६ त राजा येथेंच निवर्तला व १९१९ त राणी स्वदेशीं परतली. आज तेथें वस्तुसंग्रहालय आहे. वास्तु उभी राहिली तरी तिचा उपयोग बदलतो, आणि प्रत्येक बदलांत आधींच्या वस्तीच्या खुणा पुसल्या जातात. म्हणून रिकाम्या दालनाचें चित्रही साधनच होय.

हल्लींचा कॅमेरा एका दिवसांत शेंकडों चित्रें देतो. त्यामुळें टिपण लिहिण्याचा आळस मात्र वाढला आहे. स्थळ, तिथि, दिशा व मोजमाप ह्यांवांचून चित्र म्हणजे मित्ति नसलेलें पत्र. चित्रांत मापाची काठी ठेवावी, आधीं संपूर्ण वास्तु व मग तिचे भाग घ्यावे, पडलेला दगड चांगला दिसावा म्हणून हलवूं नये. संग्राहकांच्या घरीं जुन्या वाड्यांचीं, घाटांचीं, देवळांचीं छायाचित्रें पडून असतील. माहीतगार मंडळी हयात आहेत तोंवर त्यांजकडून विचारून तपशील लिहून ठेवावा, व प्रत्येक चित्राची प्रत दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावी, अशी विनंति आहे. माझ्या हातून गेलेल्या त्या दरवाज्याचें एखादें चित्र कोणाच्या पेटींत असल्यास तें पाहावयास मिळावें, एवढीच आशा उरली आहे.