नाटो शिखर परिषद

उत्तर अटलांटिक करार संघटनेच्या (नाटो) सदस्य देशांचे राष्ट्राध्यक्ष व पंतप्रधान एकत्र बसून निर्णय घेतात ती बैठक. ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा देशांनी केलेल्या मूळ करारात अशा परिषदेची तरतूद नाही. कराराच्या कलम ९ नुसार स्थापन झालेले उत्तर अटलांटिक मंडळ एरवी ब्रुसेल्सच्या मुख्यालयात राजदूतांच्या पातळीवर भरते. काही बैठकांना परराष्ट्रमंत्री किंवा संरक्षणमंत्री येतात. तेच मंडळ शासनप्रमुखांच्या पातळीवर भरले, की त्या बैठकीला शिखर परिषद म्हणतात. ती कुठल्याही देशात भरली, तरी अध्यक्षस्थान नाटोच्या महासचिवांकडे असते.

पहिली परिषद डिसेंबर १९५७ मध्ये पॅरिसला भरली. त्या काळी मुख्यालयही तेथेच होते. ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडल्यामुळे पश्चिम युरोप धास्तावला होता. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना नोव्हेंबरअखेर पक्षाघाताचा सौम्य झटका आला होता, तरी ते पॅरिसला गेले. मध्यम पल्ल्याची अमेरिकी क्षेपणास्त्रे युरोपात ठेवण्यास या परिषदेने तत्त्वतः मान्यता दिली. त्यानंतरची परिषद थेट जून १९७४ मध्ये, ब्रुसेल्सला झाली. शीतयुद्धाच्या बहुतांश काळात युतीचा कारभार मंत्री आणि राजदूत यांनीच चालवला. शिखर परिषदा वारंवार होऊ लागल्या त्या बर्लिनची भिंत पडल्यानंतर. लंडन (१९९०) येथे वॉर्सा कराराच्या देशांपुढे मैत्रीचा हात करण्यात आला. रोम (१९९१) येथे युतीची सामरिक संकल्पना प्रथमच सर्वांसाठी प्रसिद्ध झाली. माद्रिद (१९९७) येथे पोलंड, हंगेरी व चेक प्रजासत्ताक यांना सदस्यत्वाचे निमंत्रण मिळाले.

परिषदेत मतदान होत नाही. प्रत्येक निर्णय सर्वसंमतीने होतो, म्हणजे लक्झेंबर्गचा नकार अमेरिकेच्या नकाराइतकाच परिणामकारक ठरतो. नेते येण्यापूर्वी कित्येक आठवडे राजदूत आणि अधिकारी जाहीरनाम्याच्या मसुद्यावर शब्दाशब्दाने वाटाघाटी करत असतात. लेखी मसुदा फिरवला जातो आणि ठरलेल्या मुदतीत कोणी हरकत घेतली नाही, तर तो मंजूर समजतात. प्रसारमाध्यमांत नेत्यांचे समूहचित्र झळकते. पण परिषदेचे खरे फलित जाहीरनाम्यातच शोधावे लागते, आणि त्यातही क्रियापदांकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

बुखारेस्ट परिषद (एप्रिल २००८) हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. युक्रेन व जॉर्जिया यांना सदस्यत्वाच्या तयारीचा औपचारिक आराखडा द्यावा, असा अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचा आग्रह होता. जर्मनी व फ्रान्स यांनी त्याला विरोध केला. तडजोड अशी निघाली, की आराखडा द्यायचा नाही, पण हे देश नाटोचे सदस्य होतील असे जाहीरनाम्यात स्पष्ट लिहायचे. कधी आणि कसे, याबद्दल त्यात काही नव्हते. या वाक्याने रशिया दुखावला, आणि त्या दोन देशांना संरक्षणाची हमीही मिळाली नाही. बंद खोलीतील मतभेद मिटवण्यासाठी लिहिलेल्या शब्दांचे ओझे त्या खोलीत नसलेल्यांवर पडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशिया व जॉर्जिया यांच्यात युद्ध झाले. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया बळकावला आणि २०२२ मध्ये युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले. या युद्धांचे सारे कारण त्या एका वाक्यात शोधणे चुकीचे ठरेल. निर्णय रशियाचा होता. तरीही संदिग्ध आश्वासनाची किंमत या प्रसंगाने दाखवली. याच परिषदेत मॅसिडोनियाचे निमंत्रण ग्रीसने देशाच्या नावावरून अडवले. नाव ‘उत्तर मॅसिडोनिया’ केल्यावर २०२० मध्ये तो देश सदस्य झाला.

विल्नियस परिषदेत (२०२३) युक्रेनसाठी त्या आराखड्याची अट काढून टाकण्यात आली, पण निमंत्रण मात्र सदस्यांचे एकमत होईल व अटी पूर्ण होतील तेव्हा, असे ठरले. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी या शब्दरचनेवर उघड नाराजी व्यक्त केली. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या जाहीरनाम्यात युक्रेनचा सदस्यत्वाकडे जाणारा मार्ग ‘अपरिवर्तनीय’ असल्याचे नमूद झाले. दरम्यान माद्रिद परिषदेत (२०२२) निमंत्रण मिळालेले फिनलंड व स्वीडन अनुक्रमे २०२३ व २०२४ मध्ये सदस्य झाले आणि सदस्यसंख्या ३२ वर गेली.

खर्चाचा वाद युतीइतकाच जुना आहे. वेल्स परिषदेत (२०१४) सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २ टक्के रक्कम दशकभरात संरक्षणावर खर्च करण्याकडे वाटचाल करण्याचे ठरले. हेग परिषदेत (जून २०२५) हे लक्ष्य २०३५ पर्यंत ५ टक्क्यांवर नेण्यात आले : त्यातील साडेतीन टक्के थेट संरक्षणासाठी आणि दीड टक्का पायाभूत सुविधा, सायबर सुरक्षा यांसारख्या पूरक बाबींसाठी. वॉर्सा परिषदेच्या (२०१६) जाहीरनाम्यात १३९ परिच्छेद होते. हेगच्या निवेदनात फक्त पाच आहेत. त्यातही खर्चाच्या वाक्यात ‘आम्ही’ऐवजी ‘सदस्य देश’ असा कर्ता आला. एवढा खर्च करण्यास तयार नसलेल्या स्पेनला सही करण्यासाठी तेवढी वाट पुरली. या उद्दिष्टाचा फेरआढावा २०२९ मध्ये घेतला जाणार आहे.