एक राज्य, एक मत (महाराष्ट्रातील क्रिकेट)

प्रत्येक राज्याला भारतीय क्रिकेट नियामक मंडळात एकच मत असावे, ही सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. लोढा समितीची शिफारस. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र (मुख्यालय पुणे) आणि विदर्भ (नागपूर) अशा तीन क्रिकेट संघटना असल्याने या शिफारशीचा मोठा धक्का या राज्याला बसला. २०१६ ते २०१८ या काळात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता.

या तीन संघटनांच्या सीमा राज्याहून जुन्या आहेत. रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली, तेव्हा मुंबई आणि महाराष्ट्र हे वेगवेगळे संघ होते आणि नागपूरकडचे खेळाडू मध्य प्रांत व वऱ्हाडकडून खेळत. विदर्भाचा स्वतःचा संघ १९५७-५८ पासून उतरू लागला. संयुक्त महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला. नकाशा बदलला, पण क्रिकेटच्या रेषा जिथल्या तिथे राहिल्या. विभागीय रचनेत मुंबई आणि महाराष्ट्र पश्चिम विभागात, तर विदर्भ आजही मध्य विभागात आहे. नागपूरचा मुलगा दुलीप करंडकात उत्तर प्रदेश आणि राजस्थानच्या मुलांच्या खांद्याला खांदा लावून खेळतो, आणि पुण्या-मुंबईची मुले समोरच्या संघात असतात.

ठाणे जिल्हा मुंबईच्या हद्दीत येतो. रायगड आणि रत्नागिरी पुण्याच्या संघटनेकडे आहेत. त्यामुळे ठाण्यातल्या खोपटच्या एसटी स्थानकातून कोकणाकडे निघालेला प्रवासी वाटेत कुठे तरी एक न दिसणारी सीमा ओलांडतो. खोपटमधल्या मुलाने ‘मुंबईकडून खेळायचं’ म्हणायचे, अलिबागच्या मुलाने ‘महाराष्ट्राकडून’. डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे, कल्याणचा तुषार देशपांडे, पालघरचा शार्दूल ठाकूर हे सगळे मुंबईचे झाले ते या रेषेमुळे. किटबॅग सांभाळत लोकलच्या गर्दीत केलेला प्रवास हा त्यांच्या घडणीचा भाग आहे आणि मुंबईच्या ‘खडूस’ क्रिकेटला गेल्या वीस वर्षांत या उपनगरांपलीकडच्या पट्ट्याने जे दिले, त्याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही, असे स्पष्ट म्हणावे लागेल.

पैसा आणि सत्ता यांचे नाते जुने आहे. वानखेडे स्टेडियमच मुळी तिकिटांच्या वाटपावरून उभे राहिले. कसोटी सामने ब्रेबॉर्न स्टेडियमवर होत, ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. मुंबई संघटनेला तिथे हव्या तेवढ्या जागा मिळेनात. शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम बांधले गेले आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. दूरचित्रवाणीचे हक्क महाग झाल्यावर तिकिटांचा वाद क्षुल्लक ठरला. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. नियामक मंडळाच्या उत्पन्नातला वाटा सदस्य संघटनांकडे येतो आणि मंडळावर कोण बसणार हे याच संघटनांची मते ठरवतात. म्हणून मत आणि पैसा वेगळे काढता येत नाहीत.

याच कारणाने संघटनांच्या निवडणुका राजकारण्यांना महत्त्वाच्या वाटल्या. मुंबईत २००१ मध्ये शरद पवारांनी अजित वाडेकरांना हरवले, २०११ मध्ये विलासराव देशमुखांनी दिलीप वेंगसरकरांना. २०२२ मध्ये अमोल काळे यांनी संदीप पाटील यांचा १८३ विरुद्ध १५८ मतांनी पराभव केला. देशासाठी कसोटी खेळलेले तिघेही पडले. नागपूरचे शशांक मनोहर दोनदा मंडळाचे अध्यक्ष झाले, पुण्याच्या संघटनेचे अजय शिर्के सचिव झाले. एका राज्याकडे तीन मते असण्याचा हा प्रत्यक्ष उपयोग होता.

जानेवारी २०१६ मधील लोढा अहवालाने या व्यवस्थेला हात घातला. राज्याचे मत एकच. तिन्ही संघटनांनी ते आळीपाळीने वापरावे. संघ मात्र पूर्वीप्रमाणे खेळत राहावेत, असे सांगितले गेले. १८ जुलै २०१६ रोजी न्यायालयाने शिफारशी मान्य केल्या. ईशान्येकडील राज्यांना आणि बिहारला न्याय मिळावा हा हेतू रास्तच होता. पण ज्या मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ असा सलग पंधरा वेळा करंडक जिंकला, तिचे कायम मत जावे हे अनेकांना पटले नाही. त्याच काळात, १ जानेवारी २०१८ रोजी, विदर्भाने दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. संघटनेचा कायम हक्क काढून घेतलेला असताना तिचा संघ देशात पहिला ठरला.

९ ऑगस्ट २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधीची भूमिका बदलली. खेळातील ऐतिहासिक योगदान लक्षात घेऊन मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ आणि गुजरातमधील तिन्ही संघटनांचे पूर्ण सदस्यत्व परत दिले. रेल्वे, सेनादले आणि भारतीय विद्यापीठ संघ यांचेही.

पैशामुळे सीमा मोडण्याची वेगळी रीत अमेरिकेत दिसते. तिथे महाविद्यालयीन संघ आपली साखळी स्वतः सोडतात. प्रसारणाच्या पैशासाठी पॅसिफिक किनाऱ्यावरची विद्यापीठे २०२४ मध्ये दूरच्या साखळीत गेली आणि शतकाहून जुनी ‘पॅक-१२’ ही साखळी जवळपास मोडली. आपल्याकडे संघटना जागची हलत नाही. हलतो तो खेळाडू, तोही ‘ना हरकत’ प्रमाणपत्र घेऊन. वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडे गेला आणि दोन करंडकांचा भागीदार झाला. विरारचा पृथ्वी शॉ २०२५ मध्ये महाराष्ट्राकडून खेळू लागला. यशस्वी जयस्वालने गोव्यासाठी अर्ज केला आणि मागे घेतला.

रेषेच्या कोणत्या बाजूला जन्म झाला याचा हिशेब रुपयांतही होतो. २०२४ मध्ये रणजी करंडक जिंकल्यावर मुंबई संघटनेने आपल्या खेळाडूंना स्वतःकडून पाच कोटी रुपये जाहीर केले आणि पुढच्या हंगामापासून मंडळाच्या सामना मानधनाएवढीच रक्कम आपल्याकडून द्यायचे ठरवले.

२०१८ च्या निकालाने तिन्ही संघटनांना न्याय मिळाला, हे मान्य. पण मुंबई संघटनेत मत असते ते मुख्यतः क्लबांना, कार्यालयीन संघांना, शाळा-महाविद्यालयांना, जिल्ह्याला नव्हे. ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांना जिल्हा म्हणून त्या मतदानात स्थान मिळायला हवे. पुण्याच्या संघटनेत रायगडला ते आहे.