देहूरोडचा एक नाताळ

२५ डिसेंबर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बेथलेहेमचा गोठा येतो. देहूरोडला या तारखेची आणखी एक आठवण जपली जाते. १९५४ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरची धम्मदीक्षा अद्याप जवळजवळ दोन वर्षे दूर होती. जवळच्याच देहूत सतराव्या शतकात तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, असे परंपरा सांगते. शूद्राने वेदार्थ प्राकृतात सांगू नये, हा आक्षेप होता. बाबासाहेब आपली श्रद्धा उघडपणे बोलले, तेव्हा पाठीशी राज्यघटना होती.

ती सहजी लाभली नव्हती. आजच्या पंचविसाव्या कलमातील धर्मप्रचाराच्या हक्कावर घटना समितीत ६ डिसेंबर १९४८ रोजी कडाडून वाद झाला. लोकनाथ मिश्रांनी विरोध केला. कन्हैयालाल मुन्शींचे उत्तर असे, की 'प्रचार' हा शब्द नसता तरी भाषणस्वातंत्र्याच्या बळावर कोणताही धर्मसमाज इतरांचे मन वळवू शकलाच असता. मुन्शी काही मिशनऱ्यांचे कैवारी नव्हते, म्हणून त्यांची साक्ष मला अधिक मोलाची वाटते. आपण मात्र पंचविसावे कलम तोंडपाठ करतो आणि एकोणिसावे पत्रकारांचे म्हणून सोडून देतो!

पुढे १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की प्रचार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, तर आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क होय. म्हणजे हाती उरले ते बोलणेच.