‘सरंजाम’ शब्दाचा अर्थ आणि हेगचा निवाडा

मराठी राज्यकारभारातील एका संज्ञेचा अर्थ ठरविण्याचा प्रसंग हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयावर यावा, ही घटना इतिहासाच्या व भाषेच्या अभ्यासकास सारखीच उद्बोधक आहे. दादरा व नगरहवेली येथे जाण्याच्या वाटेसंबंधी पोर्तुगालने भारताविरुद्ध आणलेल्या दाव्यात हा प्रसंग उद्भवला. त्याचा निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला.

या वादाचे मूळ १७ डिसेंबर १७७९ च्या तहात आहे. पुणे दरबाराने पोर्तुगीजांस वार्षिक बारा हजार रुपये वसुलाची गावे लावून द्यावीत, असे त्याच्या सतराव्या कलमाने ठरले. त्यानुसार १७८३ व १७८५ मध्ये सनदा झाल्या. दमणपासून तुटलेला हा अंतर्गत मुलूख पुढे पोर्तुगीजांच्या अमलाखाली राहिला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा व सिल्वासा मुक्त केले आणि भारताने मधल्या प्रदेशातून पोर्तुगीजांची ये-जा थांबविली. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला आणि अवघ्या आठ दिवसांत त्याने दावा दाखल केला.

तहाने आपणांस या गावांचे स्वामित्व मिळाले, असे पोर्तुगालचे म्हणणे. न्यायालयाने कलमाचे निरनिराळे पाठ तपासून ते अमान्य केले. सनदांत व संबंधित कागदांत ‘जहागीर’ आणि ‘सरंजाम’ हे शब्द आहेत. मराठी राजव्यवहारात त्यांचा अर्थ वसुलाची नेमणूक असा होतो. राजसत्तेचे दान त्यांत नसते. मराठ्यांना मुलूख कायमचा तोडून द्यावयाचा असे, तेव्हा ते तशी स्पष्ट शब्दयोजना करीत, याची उदाहरणे न्यायालयापुढे होती. गावांत बंड झाल्यास ते मोडावे, असा जो उल्लेख सनदेत आहे, त्यावरही पोर्तुगालने भर दिला होता. परंतु स्वतःच्याच मुलखातील बंड मोडण्याचे कर्तव्य राज्यकर्त्यास सनदेने सांगावे लागत नाही. त्यामुळे पुरावा म्हणून पुढे केलेले वाक्यच दाव्याच्या विरुद्ध गेले.

तथापि कागदाचा अर्थ लागला म्हणून वाद मिटला नाही. पेशवाईनंतर इंग्रजांनी या गावांवरील पोर्तुगीजांची सत्ता व्यवहारात मानली आणि १९४७ नंतर भारतानेही ती मूकपणे मानली, असे न्यायालयाने ठरविले. शब्दाने जे दिले नव्हते ते दीर्घ मौनाने दिले. मौनालाही अर्थ असतो, हे सूत्र आंतरराष्ट्रीय कायद्यात फार महागात पडते. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना १९५४ मध्ये भारताच्या नियंत्रणाधीन वाटेचा हक्क होता, हे अकरा विरुद्ध चार मतांनी मान्य झाले. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांचा हक्क आठ विरुद्ध सात अशा निसटत्या मतांनी नाकारला गेला. भारताने वाट अडविली यात त्याच्याकडून कर्तव्यभंग झाला नाही, हा निर्णय नऊ विरुद्ध सहा मतांचा होता. भारताने नेमलेले न्यायाधीश मो. क. छगला यांनी भिन्नमत नोंदविले होते.

या साऱ्या वादविवादात वारली, कोकणा, धोडिया या तेथील रहिवाशांची इच्छा काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. वाद दोन राज्यांचा होता आणि विषय वाटेचा होता. लोकांच्या हक्काचा विचार दुसऱ्या व्यासपीठावर झाला, आणि तेथेही शब्दच आडवा आला होता. १९५१ मध्ये पोर्तुगालने आपल्या वसाहतींचे नाव बदलून त्यांस ‘सागरापलीकडील प्रांत’ म्हणविले. प्रांतास स्वशासनाची आवश्यकता नाही, असा त्यामागील युक्तिवाद होता. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५ डिसेंबर १९६० च्या ठरावाने तो फेटाळून, गोव्यासह हे सर्व प्रदेश अस्वशासित असल्याचे जाहीर केले.

११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा व नगरहवेली भारतीय संघराज्यात सामील झाले आणि डिसेंबरात गोवा मुक्त झाला. पोर्तुगालने हे सारे ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने मान्य केले. १७७९ चा तह ज्या शब्दांत लिहिला गेला, ते लिहिणाऱ्या कारकुनास त्यांचा अर्थ पुरता ठाऊक होता. तो जगाला समजावून देण्यास मात्र जवळजवळ दोन शतके लागली.