विमानाच्या झाकणांचा खटका : धारण, बंधन आणि सूचन

विमानविद्येचा इतिहास बहुधा पंख, इंजिन आणि वेग यांच्या परिभाषेत लिहिला जातो. यंत्राच्या ज्या लहान अवयवांवर त्याची सुरक्षितता प्रत्यक्षात अवलंबून असते, त्यांचा उल्लेख या इतिहासात क्वचितच येतो. झाकण बंद ठेवणारा स्प्रिंगचा खटका हा अशाच उपेक्षित अवयवांपैकी एक होय. विमानाच्या अंगावर झाकणे असंख्य असतात. इंजिनावरील आवरणे, उपकरणपेट्यांची झाकणे, तपासणीची छिद्रे आणि सामानकक्षाची दारे ही सर्व एका अर्थी झाकणेच आहेत. त्या सर्वांपुढे एकच पेच उभा असतो. तपासणीसाठी झाकण वारंवार आणि थोड्या वेळात उघडता आले पाहिजे, परंतु उड्डाणात, कंपनाचा आणि वाऱ्याचा कितीही मारा झाला, तरी ते उघडता कामा नये.

हा पेच सोडविण्यासाठी खटक्याला तीन कामे करावी लागतात. झाकण जागेवर धरून ठेवणे हे पहिले काम. त्यास धारण म्हणता येईल. धरलेली पकड आपोआप सुटू न देणे हे दुसरे. ते बंधन होय. पकड पक्की बसली आहे की नाही हे माणसाला कळविणे हे तिसरे काम, म्हणजे सूचन. ही तीन कामे एकाच अवयवात एकवटलेली असताना खटका विश्वसनीय होता. झाकणे मोठी होत गेली तशी ही कामे निरनिराळ्या अवयवांकडे गेली, आणि त्यांच्यातील दुव्यांत दोष शिरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काही भीषण अपघातांचे मूळ या विभाजनात आढळते.

प्रारंभीच्या काळात झाकणे बसविण्यासाठी स्क्रू आणि बोल्ट यांचाच आधार होता. स्क्रूची पकड घर्षणावर अवलंबून असते, आणि इंजिनाच्या अखंड कंपनाने ती सैल होत जाते. म्हणून बोल्टच्या डोक्यांतून तार ओवून ती पिळून बांधण्याची पद्धत रूढ झाली, व ती आजही प्रचलित आहे. परंतु तार बांधण्यास वेळ लागतो, आणि उघडताना ती दर वेळी तोडावी लागते. दररोज उघडावयाच्या झाकणास हा उपाय गैरसोयीचा होता.

या अडचणीवर ज्या उपायांनी मात केली त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे विल्यम झूस यांचा पाव फेऱ्याचा खटका. झूस यांचा जन्म १८९५ मध्ये, त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात असलेल्या गॅलिशिया प्रांतातील एका युक्रेनी कुटुंबात झाला. पुढे ते अमेरिकेत स्थायिक झाले. १९३० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर त्यांनी या खटक्यांचा कारखाना चालविला. याच व्यवसायातील संपत्तीच्या बळावर त्यांनी १९४८ मध्ये अमेरिकेतील युक्रेनी संस्कृतीच्या अभ्यासासाठी एक संस्थाही स्थापन केली.

या खटक्याची रचना थोडक्यात अशी आहे. झाकणात एक आखूड खुंटी बसविलेली असते. तिच्या खालच्या टोकाला सर्पिलाकार खाच कापलेली असते. विमानाच्या सांगाड्यावर, खुंटीच्या छिद्राखाली, पोलादी तारेची एक स्प्रिंग दोन्ही टोकांना रिव्हेट ठोकून आडवी बसविलेली असते. खुंटी दाबून उजवीकडे पाव फेरा फिरविली म्हणजे तार खाचेच्या चढावर चढते, ताणली जाते आणि झाकणाला खाली ओढून धरते. खाचेच्या शेवटी एक लहानसा उंचवटा असतो. तो ओलांडून तार पलीकडच्या खळग्यात पडली की, उलट दिशेने मुद्दाम जोर लावल्याखेरीज ती परत येत नाही. कंपनाने स्क्रू सैल होतो. येथे मात्र स्प्रिंगचा ताणच तारेला खळग्यात दाबून ठेवतो. स्क्रूचा जो शत्रू, त्याच्याशी सामना देण्याचे सामर्थ्य या खटक्याच्या रचनेतच आहे.

आणखी एक गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. तार खळग्यात पडताच बोटांना झटका जाणवतो आणि खट् असा आवाज ऐकू येतो. खुंटीच्या डोक्यावरील खाच कोणत्या दिशेला वळली आहे हेही डोळ्यांना दिसते. म्हणजे जो तारेचा तुकडा झाकण धरतो, तोच त्यास बांधतो आणि तोच बांधले गेल्याची वार्ता देतो. छत्री उघडताना दांडीवरचा खटका बसला की नाही हे ज्याप्रमाणे हातालाच कळते, तद्वतच हे आहे. या साधेपणामुळे असे खटके इंजिनाच्या आवरणांपासून कॉकपिटमधील नियंत्रण-फलकांपर्यंत सर्वत्र पसरले. एका झाकणावर ते अनेक असत. त्यामुळे एखादा निसटला तरी बाकीचे झाकण सांभाळीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी विमानांच्या कक्षांत हवेचा दाब राखण्याची पद्धत सार्वत्रिक झाली, आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. उंचावर बाहेरची हवा विरळ असते, आतील हवा दाट. त्यामुळे प्रत्येक दारावर आतून बाहेर रेटणारा कित्येक टनांचा भार पडतो. यावर प्रथम काढलेली तोड मार्मिक होती. दार चौकटीपेक्षा किंचित मोठे करून ते बाटलीच्या आतून बसविलेल्या बुचाप्रमाणे लावावयाचे, म्हणजे आतील दाबच दाराला चौकटीत घट्ट बसवितो. परंतु असे दार आत ओढावे लागते व सामानकक्षातील जागा खाते. १९७० मध्ये सेवेत आलेले बोइंग ७४७ आणि १९७१ मध्ये सेवेत आलेले मॅकडॉनेल डग्लस कंपनीचे डीसी-१० या प्रचंड विमानांत सामानकक्षाची दारे बाहेर उघडणारी ठेवण्यात आली. तेथे दाब हा मित्र राहिला नाही. सारा भार कड्यांवर आला.

डीसी-१० च्या मागील सामानद्वाराची रचना पुढीलप्रमाणे होती. दार खाली आल्यावर विजेच्या मोटरीने चालणारे आकडे चौकटीवरील रुळांना पकडीत आणि मध्यरेषा ओलांडून पलीकडे जात. लोखंडी ट्रंकेची कडी मध्यरेषेपलीकडे दाबली म्हणजे आतील सामानाचा रेटा तिला अधिकच घट्ट करतो. तेच तत्त्व येथे होते. मात्र मध्यरेषा ओलांडली गेली नाही तर तोच रेटा आकड्यांना उघडण्याच्या दिशेने ढकलतो. त्यानंतर बाहेरची मूठ हाताने खाली ओढली की आकड्यांमागे खिळी सरकत, आणि त्याच मुठीने एक लहान हवेची झडप मिटे. आकडे पूर्ण बसले नसतील तर खिळी अडतील, मूठ मिटणार नाही आणि झडप उघडी राहील, अशी कल्पना होती. म्हणजे धारण आकड्यांकडे, बंधन खिळींकडे आणि सूचन मुठीकडे, झडपेकडे व कॉकपिटमधील दिव्याकडे गेले होते.

या कल्पनेतील दोष हा दुव्याचा होता. मूठ आणि खिळी यांना जोडणारी फिरती नळी व तिचे दांडे पुरेसे ताठ नव्हते. खिळी अडलेल्या असतानाही मुठीवर जोर दिला तर मधले दांडे वाकत, मूठ मिटे आणि झडपही मिटे. कारण झडप मुठीला जोडलेली होती, खिळींना नव्हे. दार बंद नसताना ते बंद असल्याची ग्वाही मिळे. मे १९७० मध्ये, पहिल्या उड्डाणापूर्वी, जमिनीवर दाबाची चाचणी चालू असताना पुढील सामानद्वार उडाले होते आणि प्रवासी कक्षाची जमीन खचली होती. झडपेची योजना ही त्यानंतरची होय. म्हणजे रोगाचे निदान झाले होते, परंतु योजलेला उपाय त्याच दुव्यावर विसंबून होता.

१२ जून १९७२ रोजी डेट्रॉइटहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानाचे मागील सामानद्वार कॅनडातील विंडसर नगरावर, ११,७५० फूट उंचीवर उडाले. दार लावताना कामगाराला मुठीवर गुडघ्याने जोर द्यावा लागला होता. झडप किंचित तिरपी बसल्याचे ध्यानात आले होते, तरी दिवा विझला म्हणून विमान निघाले. सामानकक्षातील दाब एकाएकी गेला, वरची जमीन खचली आणि तिच्याखालून जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारांपैकी बऱ्याच निकामी झाल्या. कॅप्टन ब्राइस मॅकॉर्मिक यांनी उरलेल्या नियंत्रणांवर आणि इंजिनांवर विमान उतरविले. विमानातील ६७ जणांपैकी कोणीही दगावले नाही.

यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दोन शिफारशी केल्या. दार खरोखर बांधले गेल्याखेरीज मूठ आणि झडप मिटणे भौतिकदृष्ट्याच अशक्य करावे ही पहिली, आणि प्रवासी कक्ष व सामानकक्ष यांमध्ये दाब निसटण्यास वाट ठेवावी ही दुसरी. परंतु विमान-वाहतूक प्रशासनाने सक्तीचा आदेश काढला नाही. प्रशासनाचे प्रमुख आणि कंपनीचे अध्यक्ष यांच्यात तोंडी समजूत होऊन सुधारणा कंपनीच्या सूचनापत्रांवर सोपविल्या गेल्या. दांड्यांना आधार देणारी एक पट्टी आणि खीळ पाहण्यासाठी एक इंचाचे काचेचे छिद्र, असे उपाय त्यांत सुचविलेले होते. याच सुमारास, २७ जून १९७२ रोजी, दाराचे काम करणाऱ्या कन्व्हेअर कंपनीतील अभियंता डॅन ॲपलगेट यांनी आपल्या वरिष्ठांना एक टिपण लिहिले. पूर्वी योजलेल्या द्रवदाबाच्या यंत्रणेऐवजी विजेची यंत्रणा घेतल्याने सुरक्षितता उणावली असे त्यांचे म्हणणे होते. द्रवदाबाच्या यंत्रणेत अर्धवट बसलेले आकडे थोड्या दाबालाच मागे सरकले असते आणि दार कमी उंचीवर, फारशी हानी न करता उघडले असते. विजेची यंत्रणा मात्र भार वाढून काहीतरी तुटेपर्यंत धरून ठेवते. पुढे केव्हातरी दार उघडेल आणि विमान नष्ट होईल, असे भाकीत त्यांनी केले. हे टिपण विमानकंपनीपर्यंत पोहोचविले गेले नाही.

३ मार्च १९७४ रोजी पॅरिसहून लंडनकडे निघालेले तुर्की विमानकंपनीचे डीसी-१० एर्मनॉनव्हिलच्या अरण्यात कोसळले आणि ३४६ माणसे मृत्युमुखी पडली. या विमानावर आधारपट्टी बसविल्याची कारखान्याच्या नोंदपत्रावर नोंद होती, परंतु पट्टी बसविलेली नव्हती. शिवाय खिळींची जुळणी अशी चुकली होती की मूठ मिटविण्यास विंडसरप्रमाणे जोरही लागला नाही. दार लावणाऱ्या कामगाराला मूठ सहज मिटली आणि झडप मिटलेली दिसली. दाराजवळची सूचना इंग्रजी व तुर्की भाषांत होती. त्या दोन्ही त्याला वाचता येत नव्हत्या. काचेच्या छिद्रातून पाहण्याचे काम दुसऱ्याचे होते, आणि ते त्या दिवशी झाले नाही. झूस यांच्या खटक्याने बोटांना जे आपोआप सांगितले असते, ते येथे एक पाटी, एक छिद्र, एक नोंद आणि एक दिवा यांत वाटले गेले होते, आणि यांपैकी एकही सत्य सांगत नव्हता. अशा स्थितीत सारा दोष शेवटी मुठीला हात लावणाऱ्या माणसाच्या माथी मारणे इतिहासदृष्ट्या टिकणारे नाही.

या दुर्घटनेनंतर सक्तीचे आदेश निघाले, खिळींची जोडणी सुधारली गेली आणि मोठ्या विमानांच्या कक्षांमध्ये दाब निसटण्याच्या वाटाही ठेवल्या गेल्या. तथापि दोषाची जात संपली नव्हती. मार्च १९८७ मध्ये पॅन अमेरिकनच्या बोइंग ७४७ चे सामानद्वार उड्डाणात किंचित उघडले. आकड्यांना अडविणारे ॲल्युमिनियमचे तुकडे इतके नरम होते की विजेच्या मोटरीने आकडे उलटे फिरले तर ते वाकत. ते बळकट करण्याचा आदेश १९८८ मध्ये निघाला, परंतु त्यासाठी दीड ते दोन वर्षांची मुदत देण्यात आली. ती संपण्यापूर्वीच, २४ फेब्रुवारी १९८९ रोजी, होनोलुलूहून निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या विमानाचे पुढील सामानद्वार उडाले आणि ९ प्रवासी बाहेर फेकले गेले. १९९० च्या पहिल्या अहवालात दाराच्या चुकीच्या हाताळणीवर भर होता. दार प्रशांत महासागराच्या तळातून वर काढल्यावर मत बदलले. १९९२ च्या दुसऱ्या अहवालात, विद्युत्-यंत्रणेतील बिघाडामुळे आकडे आपोआप फिरले असा निष्कर्ष आला. कामगारावरील ठपका समुद्रतळाच्या पुराव्याने पुसला गेला.

२४ मे २०१३ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून निघालेल्या ए-३१९ विमानाच्या दोन्ही इंजिनांची आवरणे उड्डाण घेतानाच उडाली. एका इंजिनाला आग लागली, परंतु विमान परत उतरून सर्व ८० जण वाचले. येथे प्रश्न पुन्हा लहान कड्यांचाच होता. रात्रीच्या दुरुस्तीत त्या उघड्या राहिल्या होत्या, आणि काम पुरे करण्यास परतलेले तंत्रज्ञ चुकून दुसऱ्याच विमानाकडे गेले होते. कड्या आवरणाच्या अगदी खालच्या बाजूस असल्यामुळे वाकून पाहिल्याखेरीज त्या उघड्या असल्याचे दिसत नाही. २०१६ मध्ये युरोपीय सुरक्षा संस्थेने या जातीच्या विमानांसाठी नवी कडी सक्तीची केली. तिला लांब निशाण लावलेली किल्ली असते, आणि कडी पक्की बसल्याखेरीज ती किल्ली निघत नाही. सूचन येथे पुन्हा बंधनाशी प्रत्यक्ष जोडले गेले.

या साऱ्या घटनाक्रमातून तंत्रेतिहासाच्या अभ्यासकास एक निकष हाती लागतो. सुरक्षेच्या खुणेची विश्वसनीयता, ती ज्या वस्तूविषयी बोलते त्या वस्तूपासून किती दूर आहे यावर ठरते. झूसच्या खटक्यात हे अंतर शून्य होते. डीसी-१० मध्ये मूठ, नळी, दांडे आणि कागद यांनी ते वाढविले, व १९७२ ची पहिली शिफारस नेमकी ते अंतर मिटविण्याची होती. ती शिफारस आणि एर्मनॉनव्हिल यांमध्ये वीस महिने गेले. या अवधीत तांत्रिक ज्ञानाची उणीव कोठेही नव्हती. उणीव होती ती, ज्ञात दोष दुरुस्त करण्याचे बंधन कोणावरही नसल्याची.